मुक्ती कोणाची, कोणापासून?

शहादे येथे ३० जानेवारी १९७२ रोजी आदिवासी शेतकरी-शेतमजुरांचा एक मोठा मेळावा भरला होता. त्याचे नाव 'भूमुक्ती मेळावा'. नाव कानाला चांगले लागते, अर्थही चटकन कळल्यासारखा वाटतो. आता हाच शब्द सातवी-आठवीच्या वर्गात फळ्यावर लिहा आणि मुलांना म्हणा, करा विग्रह. निम्मा वर्ग अडेल. अडावयासच हवा, कारण शब्दातच एक अडचण आहे, आणि आजचे हे बोलणे तिच्याचविषयी आहे.

व्याकरणाच्या पुस्तकात पंचमी तत्पुरुषाचे उदाहरण म्हणून 'ऋणमुक्त' हा शब्द वर्षानुवर्षे छापला जातो. ऋणापासून मुक्त तो ऋणमुक्त. त्याच चालीवर रोगमुक्ती, भयमुक्ती, व्यसनमुक्ती. सरकारी मोहिमांनी तर हा साचा खेडोपाडी नेला. तंटामुक्त गाव झाले, हागणदारीमुक्त गाव झाले, शेतकऱ्यांसाठी कर्जमुक्ती योजना आली. (याच योजनांना लोक 'कर्जमाफी' म्हणतात. माफी ही गुन्हेगाराला देतात आणि मुक्ती अडकलेल्याला. शेतकऱ्याला दोहोंपैकी कोणता शब्द लावावा, हे वाचकांनीच ठरवावे.) या सगळ्या शब्दांत पहिले पद म्हणजे नको असलेली गोष्ट. रोग नको, भय नको, तंटा नको.

मग भूमुक्ती म्हणजे काय? भूमीपासून मुक्ती? या चालीने गेलो तर तसाच अर्थ होईल. आणि दुःखाची गोष्ट ही की, मेळाव्याला आलेल्या कित्येक माणसांची ती 'मुक्ती' आधीच होऊन गेली होती. जमीन सावकाराकडे किंवा मोठ्या खातेदाराकडे गेलेली, आणि हे त्याच जमिनीवर मजूर.

तेव्हा इथे पंचमी चालावयाची नाही, षष्ठी हवी. भूमीची मुक्ती ती भूमुक्ती. हा दुसरा साचाही आपल्या ओळखीचा आहे. १७ सप्टेंबर १९४८ रोजी निजामाचे राज्य संपले, त्या लढ्याला मराठवाडा मुक्तिसंग्राम म्हणतात. १९ डिसेंबर १९६१ रोजी गोव्यातून पोर्तुगीज गेले, तो गोवा मुक्तिदिन. इथे पहिले पद म्हणजे नको असलेली गोष्ट नव्हे; उलट जे बंधनात पडले होते तेच पहिले पद. मराठवाड्यापासून कोणाला सुटावयाचे नव्हते, मराठवाड्यालाच सुटावयाचे होते. या साच्यात बंदिवान कोण ते कळते, बांधणारा कोण ते मात्र शब्दात सापडत नाही. 'गोवामुक्ती' या शब्दात पोर्तुगीज कुठे आहेत?

'स्त्रीमुक्ती' या शब्दाचे हाल याच घोटाळ्याने झाले. १९७५ हे आंतरराष्ट्रीय महिला वर्ष, आणि त्याच सुमारास महाराष्ट्रात हा शब्द सभा-परिषदांतून सर्वतोमुखी झाला. लगेच पारावरचे विनोदी लोक म्हणू लागले, 'स्त्रीमुक्ती? म्हणजे बायकांपासून सुटका ना?' हसणारे हसले. पण विनोद सोडा, व्याकरण पाहा. ऐकणाऱ्याने षष्ठीच्या जागी मुद्दाम पंचमी ऐकली, एवढाच तो विनोद आहे.

वस्तुतः मुक्ती हा शब्द आपल्याकडे जुना असला, तरी जमीन, देश, स्त्री यांच्या नावांपुढे तो अलीकडेच बसू लागला. आधी तो जिवाचा शब्द होता. कीर्तनकार बुवा सलोकता, समीपता, सरूपता आणि सायुज्यता अशा चार मुक्ती सांगतात, त्या सगळ्या देवाच्या अंगाने. आपल्याच खानदेशात, जळगाव जिल्ह्यात, मुक्ताईचे स्थान आहे, आणि तिच्या नावातही हीच धातू आहे. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस पंडिता रमाबाईंनी केडगावला विधवा आणि दुष्काळात निराधार झालेल्या मुली यांच्यासाठी आश्रम काढला आणि त्याला 'मुक्ती' हेच नाव दिले. तिथे धर्मातली मुक्ती आणि संसारातली सुटका हे दोन्ही अर्थ एकाच शब्दात राहिले. पुढे विसाव्या शतकात हा शब्द राजकारणात आला, मोर्चात आला, शेतात आला. जिवाच्या मुक्तीत 'कोणापासून' हे कीर्तनाला येणाऱ्या प्रत्येकाला ठाऊक होते, संसारापासून आणि जन्ममरणाच्या फेऱ्यापासून. शेतात आल्यावर तेच विचारावे लागू लागले.

आता संस्कृत शब्द क्षणभर बाजूला ठेवू आणि खेड्यातल्या बोलण्याकडे वळू. कारण तिथे या गोष्टीसाठी फार नेमके शब्द आहेत.

एक बैल घ्या. बैल सुटला. बैल सोडला. बैल सोडवला. तीनही वाक्यांत शेवटी बैल मोकळाच आहे. पण 'सुटला' म्हणजे दावे तुटले, गाठ सैल होती, तो आपणहून निघाला; त्यात दुसऱ्या कोणाचा हात नाही. 'सोडला' म्हणजे धन्याने सोडला. दुपार झाली, औत सोडले, बैल चरावयास गेला, आणि उद्या सकाळी पुन्हा जुंपावयाचा आहेच. 'सोडवला' म्हणजे तो कोंडवाड्यात अडकला होता, आणि कोणीतरी जाऊन, दंड भरून, पावती घेऊन त्याला बाहेर काढला. एका धातूची ही तीन रूपे, आणि कर्ता तीन ठिकाणी. त्यात चौथे रूप माणसासाठी आहे: सोडवून घेणे. बैल स्वतःला सोडवून घेऊ शकत नाही. माणूस घेतो.

ही आपल्या भाषेची मोठी सोय आहे. सुटणे-सोडणे, तुटणे-तोडणे, फिटणे-फेडणे अशा जोड्यांमुळे कोणी केले आणि आपोआप काय झाले, हे क्रियापदातूनच कळते. कर्ज फिटले, आणि कर्ज फेडले. बोलणाऱ्याला वेगळे सांगावे लागत नाही. (जाता जाता सांगतो, हिंदीतला 'छूटना' आणि आपला 'सुटणे' हे सख्खे भाऊ. तिकडचा छ आपल्याकडे स होतो, जसे छुरी आणि सुरी. 'मोकळा' हा शब्द तर प्राकृतातून थेट 'मुक्त'च्याच घरचा. मुक्ती पोथीत गेली, मोकळा खेड्यात राहिला.)

म्हणूनच बाळंतीण सुखरूप 'सुटली' असे आपण म्हणतो. दीर्घ आजारी माणूस गेला तर 'सुटला बिचारा' म्हणतो, अहिराणीत 'सुटना'. गहाण पडलेला दागिना मात्र कधी सुटत नाही, तो 'सोडवावा' लागतो. जमीनही गहाणातून सोडवतात. भूमुक्ती या भारदस्त शब्दाचे साधे मराठी करावयाचे झाले, तर ते हेच आहे: जमीन सोडवून घेणे.

आता शहाद्याकडे. तापी आणि गोमाई यांच्या काठची जमीन किती कसदार आहे, हे या भागातल्या श्रोत्यांना मी काय सांगावे. उत्तरेला सातपुडा, खाली काळी माती. या मातीवर भिल्ल आणि इतर आदिवासी कुटुंबांची जमीन होती, आणि ती हातातून जात गेली. कशी गेली, याचे उत्तर बहुतेक गावांत एकच मिळते: कर्ज, अंगठा आणि कागद. वाचता येत नसलेला माणूस कागदावर अंगठा उठवतो तेव्हा गहाणखत कोणते आणि खरेदीखत कोणते, हे त्याला सांगणार कोण? जमीन गेल्यावर तो सालदार होई. साल म्हणजे वर्ष, त्याचा करार करणारा तो सालदार. कुठे पाडव्याला, कुठे आखाजीला साल ठरावयाचे, आगाऊ रक्कम घ्यावयाची आणि वर्षभर धन्याच्या शेतावर, गोठ्यात, घरी राबावयाचे. उचल फिटली नाही तर पुढचे साल त्याच दारात.

या मुलखातली माणसे स्वतःविषयी बोलताना कोणते शब्द वापरू लागली, त्याचा माग काढण्यासारखा आहे. १९३० च्या दशकाच्या अखेरीस तळोदे तालुक्यात मोरवडचे गुलाम महाराज यांच्या भोवती हजारो आदिवासी जमू लागले. दारू सोडा, मांस सोडा, स्वच्छ राहा, आरतीला या, अशी त्यांची शिकवण. पण मला भाषेचा मास्तर म्हणून तिच्यातली एक गोष्ट सर्वांत मोलाची वाटते. या लोकांचा आपसातला जयजयकार होता 'आप की जय'. पंथालाच 'आप' हे नाव पडले. ज्या माणसाला बाजारात, कचेरीत, शेतावर सगळे अरे-तुरे करत होते, त्याने आपल्याच भावाला 'आप' म्हणावयास सुरुवात केली. यात मुक्ती नाही, स्वातंत्र्य नाही, एकही मोठा शब्द नाही. एक आदरार्थी सर्वनाम आहे. पण कोणी दिले म्हणून ते त्यांना मिळालेले नव्हते.

पुढे विनोबांचे भूदान आले. विनोबा आणि आपला भाग यांचा ऋणानुबंध जुना. १९३२ साली धुळ्याच्या तुरुंगातच त्यांनी गीतेवर प्रवचने दिली आणि साने गुरुजींनी ती लिहून घेतली. १९५१ मध्ये तेलंगणातल्या पोचमपल्लीला भूदानाचा आरंभ झाला, आणि त्या दशकाच्या अखेरीस आपल्या अक्राणी महालातली अनेक गावे ग्रामदानात आली. 'भूदान' हा शब्द उदात्त आहे यात शंका नाही. पण त्याचा कर्ता पाहा. दान देणारा असतो तो जमीन असलेला. जमीन नसलेला इथे घेणारा, चतुर्थीतला. देणाऱ्याच्या मनात आले तर दान, न आले तर नाही.

मे १९७१ मध्ये शहाद्याकडे पाटीलवाडीला आदिवासींवर गोळ्या झाडल्या गेल्या, तेव्हा या भागाकडे सगळ्या महाराष्ट्राचे लक्ष गेले. सर्वोदयाचे कार्यकर्ते आले, ग्राम स्वराज्य समिती स्थापन झाली. अंबरसिंग महाराज हे या चळवळीचे पुढारी. ते स्वतः भिल्ल समाजातले, सर्वोदयाच्या कामातून पुढे आलेले. गुलाम महाराजांच्या भजन-आरतीची परंपरा त्यांच्या बोलण्यात होती, आणि लोक त्यांना महाराज म्हणत ते त्याच नात्याने. त्यानंतरच्या जानेवारीत मेळावा झाला, आणि नाव ठरले भूमुक्ती. मेळाव्याचा दिवस गांधीजींच्या पुण्यतिथीचा. भू तेवढी तीच राहिली. दान गेले आणि मुक्ती आली.

हा बदल केवळ भाषेचा नव्हे. दान म्हटले की जमीन त्याची, तो देतो. मुक्ती म्हटले की जमीन माझी, ती अडकली आहे. एका शब्दात सातबाराच्या उताऱ्यावरचे नाव खरे धरले आहे, दुसऱ्यात ते नाव तिथे कसे आले हे विचारले आहे. मेळाव्यानंतर कागद तपासले जाऊ लागले, आणि काही जमिनी परतही मिळाल्या. १९७२ मध्येच श्रमिक संघटना उभी राहिली. शहरांतून आलेले शिकलेले तरुण तिच्यात होते, आणि गावातली माणसेही. मजुरीचे दर, सालदारांचे करार हे प्रश्न तिने हाती घेतले. दारूचे मटके फोडणाऱ्या बायकांचे जथ्थेही याच काळात निघाले. दारू पिऊन मारणाऱ्या नवऱ्यालाही त्यांनी जाब विचारला. 'स्त्रीमुक्ती' हा शब्द पुण्या-मुंबईच्या व्यासपीठावर येण्याच्या दोन-तीन वर्षे आधीची ही गोष्ट. त्यांतल्या बहुतेकींनी तो शब्द ऐकलेलाही नसावा. अंबरसिंग महाराज १९७४ मध्ये वारले. या चळवळीतले कार्यकर्ते वाहरू सोनवणे यांच्या कविता 'गोधड' या संग्रहात आहेत. गुरुजनांनी तो शाळेत जरूर आणावा, भिलीचा कस मराठीला कसा लागतो ते त्यात दिसेल.

कायद्याने या सगळ्याला कोणता शब्द दिला? ना दान, ना मुक्ती. १९७४ साली महाराष्ट्राने आदिवासींच्या जमिनी परत करण्याचा कायदा केला, १ नोव्हेंबर १९७५ पासून तो लागू झाला. १ एप्रिल १९५७ ते ६ जुलै १९७४ या काळात आदिवासीकडून बिगर-आदिवासीकडे गेलेल्या जमिनी त्याच्या कक्षेत आल्या. स्वतः कसण्याची हमी द्यावयाची, ठरलेली रक्कम हप्त्याने भरावयाची, अशा अटी होत्या. जमीन महसूल कायद्यातही दुरुस्ती झाली, आणि आदिवासीची जमीन जिल्हाधिकाऱ्यांच्या परवानगीवाचून बिगर-आदिवासीकडे जाऊ नये असे ठरले. कचेरीत या कामाला 'प्रत्यार्पण' असा दातांखाली खडा यावा तसा शब्द आहे. परदेशात पळालेला गुन्हेगार परत आणतात त्यालाही तोच शब्द! पण 'परत करणे' हा साधा शब्द फार चांगला आहे. परत करतात ती वस्तू ज्याची त्याला. या दोन शब्दांनी कायद्याने कबूल केले की जमीन कोणाची होती. माझ्या मते 'भूदान', 'भूमुक्ती' आणि 'परत करणे' या तिहींत सर्वांत स्पष्ट बोलणारा शब्द हा तिसरा, आणि तो सरकारी कागदात सापडावा याचे नवल वाटते.

जमिनीचे झाले. माणसाचे काय? त्यासाठी आपल्याकडे 'वेठबिगार' हा शब्द आहे. वेठ हा संस्कृत 'विष्टि'पासून आलेला, बिगार हा फारसीतून. दोहोंचा अर्थ एकच, मोबदल्यावाचून सक्तीने करवून घेतलेले काम. संस्कृत राज्य गेले, फारसी राज्य आले, तेही गेले. काम तेच राहिले म्हणून दोन्ही शब्द जोडून ठेवावे लागले की काय, कोण जाणे. संविधानाच्या तेविसाव्या अनुच्छेदाने १९५० सालीच वेठबिगारीला मनाई केली. तरी ती चालूच होती, म्हणून ऑक्टोबर १९७५ मध्ये वटहुकूम निघाला आणि १९७६ मध्ये वेठबिगार पद्धतीच्या उच्चाटनाचा कायदा झाला. त्या कायद्याने असे कर्जच रद्द केले. फेडावयाचे नाही, माफ करावयाचे नाही, ते उरलेच नाही. आता हेही सांगितले पाहिजे की प्रत्येक सालदार म्हणजे वेठबिगार नव्हे. मोकळेपणी ठरवलेला, मोबदला मिळणारा करार असेल तर ती नोकरी आहे. प्रश्न येतो तो उचल फिटेपर्यंत दुसरीकडे जाता येत नाही तिथे. १९८२ साली दिल्लीतल्या आशियाई क्रीडास्पर्धांच्या बांधकामावरील मजुरांच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने याहून पुढचे पाऊल टाकले. किमान वेतनाहून कमी पैशात माणूस राबतो तेव्हा पोटाची अडचणच त्याला राबवते, म्हणून तीही सक्तीच, असा तो निकाल.

सुटलेल्या वेठबिगाराला सरकार दाखला देते. त्यावर तो मुक्त झाल्याचे लिहिलेले असते. आता मघाचा आपला 'मोकळा' शब्द आठवा. मोकळे रान, मोकळे मन, मोकळे केस, सगळे छान. पण 'मोकळ्या हाताने परत आला' म्हणजे काय? रिकाम्या हाताने. आपल्या भाषेत मोकळे आणि रिकामे यांच्यात भिंत फार पातळ आहे. दाखला हातात आहे, जमीन नाही, बैल नाही, घरात ज्वारी नाही. असा माणूस आज मुक्त आहे आणि पुढच्या महिन्यात नवी उचल घेणार आहे. कायद्याला हे ठाऊक आहे, म्हणूनच सुटकेबरोबर पुनर्वसनाची जबाबदारीही त्याने सरकारी यंत्रणेवर टाकली आहे. ते पुनर्वसन वेळेवर झाले नाही, तर त्या दाखल्यातल्या 'मुक्त' या शब्दाचा अर्थ 'मोकळा'च, पण दुसऱ्या अर्थाने.

आणि उचल हा शब्द तर आजही आपल्यात आहेच. दिवाळी झाली की सातपुड्यातल्या पाड्यांवरून माणसे खाली उतरतात, गाड्या भरून दक्षिण गुजरातच्या साखर कारखान्यांकडे ऊसतोडीला जातात. मुकादमाने पावसाळ्यातच उचल दिलेली असते. नवरा-बायकोच्या जोडीला तिथे 'कोयता' म्हणतात. दोन माणसे मिळून एक हत्यार! लेकरे अर्थातच बरोबर जातात.

इथे माझे बोलणे गुरुजनांशी आहे, कारण हजेरीपट त्यांच्या हातात असतो. सुटणे आणि सोडणे यांतला फरक आपण बैलावर पाहिला. आता तो शाळेवर पाहा. संध्याकाळी घंटा झाली, शाळा सुटली; पोरे आनंदाने पळाली. त्याच पोरांतला एक दिवाळीनंतर आलाच नाही. गावात विचारा, आजी काय सांगेल? 'त्याची शाळा सुटली.' तीच दोन पदे, अर्थ केवढा उलटा. आजी 'त्याने शाळा सोडली' असे म्हणत नाही, हे लक्षात घ्या. तिचे मराठी चोख आहे. सोडणे म्हणजे सोडणाऱ्याची इच्छा आली. नऊ वर्षांच्या मुलाने काय सोडले? आईबाप उसाला गेले, तो त्यांच्यामागे गेला, शाळा हातातून सुटली. पण वर्षाअखेरी कोणी कागद मागावयास आला, तर आपण जो देतो त्याचे छापील नाव काय आहे? 'शाळा सोडल्याचा दाखला'. त्यात कारणाचा रकाना असतो. तिथे बहुधा 'पालकांचे स्थलांतर' असे दोन शब्द पडतात किंवा त्याहूनही सोपे काही. छापील शीर्षक बदलणे आपल्या हातात नाही. रकान्यात खरे कारण, गावाचे आणि कारखान्याच्या भागाचे नाव, कोणत्या महिन्यात गेला, परत कधी यावयाचा, हे सविस्तर लिहिणे हातात आहे. तेवढ्यावरून दुसऱ्या गावच्या गुरुजींना तो मुलगा शोधता येतो.

दर ऑगस्टला आणखी एक प्रश्न येतो, तोही याच जातीचा. मुलांची भाषणे लिहून देताना आपण 'भारताला स्वातंत्र्य मिळाले' असे लिहावे की 'भारताने स्वातंत्र्य मिळवले' असे? फरक एका व-चा. पण 'मिळाले' म्हटले की भारत चतुर्थीत जातो, घेणारा होतो. 'मिळवले' म्हटले की तृतीयेत येतो, करणारा होतो. पहिल्या वाक्यात देणारा कोणीतरी गृहीत आहे. तोही अगदी खोटा नव्हे, कारण जुलै १९४७ मध्ये ब्रिटिश पार्लमेंटने कायदा करून सत्ता सोडली, हेही इतिहासात आहेच. सोडली, सुटली नाही.

परंतु नंदुरबारच्या माणिक चौकात उभे राहून 'मिळाले' म्हणणे जड जाते. ९ सप्टेंबर १९४२ रोजी तिरंगा घेतलेल्या मुलांच्या मिरवणुकीवर पोलिसांनी गोळ्या चालवल्या. शिरीषकुमार मेहता, लालदास शहा, धनसुखलाल वाणी, शशिधर केतकर आणि घनश्यामदास शहा ही पाच मुले गेली. शिरीषकुमारला सोळावे वर्ष लागलेले होते. तो झेंडा घेऊन पुढे होता. घरची भाषा गुजराती, गावची मराठी-अहिराणी, घोषणा दोन्हींत. त्यांच्यापुरते वाक्य कोणते लिहावे? त्यांनी मिळवले म्हणावे, तर मिळालेले त्यांनी पाहिले नाही. आणि माझ्यासारख्या, १९४७ नंतर तीस-पस्तीस वर्षांनी जन्मलेल्या माणसाने स्वतःपुरते लिहावयाचे तर 'मिळाले' हेच प्रामाणिक. मी काहीच केलेले नाही. तेव्हा वाक्यातला कर्ता कोण, हे ठरवून मग क्रियापद घालावे. मी वर्गात दोन्ही वाक्ये फळ्यावर लिहितो आणि कोणते कोणाला लागू हे मुलांना विचारतो. एकदा एका मुलीने विचारले, 'सर, आमच्या पाड्यावर वीज आली, ती मिळाली की मिळवली?' तिच्या वडिलांनी त्यासाठी तहसील कचेरीत किती खेपा घातल्या, ते तिला तोंडपाठ होते. त्या दिवशीचा बाकीचा तास त्यावरच गेला.

शेवटी शुद्धलेखनाचे, कारण त्याविषयी हमखास विचारणा होते. १९६२ च्या नियमांपूर्वी 'मुक्ति' असे ऱ्हस्व लिहीत; जुन्या पुस्तकांत ते दिसेल, त्यावर लाल शाई चालवू नये. आता शब्द एकटा असला किंवा समासाच्या शेवटी असला तर दीर्घ: मुक्ती, कर्जमुक्ती, भूमुक्ती. समासाच्या आरंभी किंवा मध्ये आला तर मूळ संस्कृतातला ऱ्हस्व परत येतो: मुक्तिदिन, मुक्तिसंग्राम. आणि 'भू' नेहमी दीर्घच.